एका जागेचे तीन वाटे

पनवेलला मी एक हुशार मूल आणायला गेले होते. एकच. आमच्या संस्थेने त्या तालुक्याला एक जागा दिली होती आणि ती कोणाला द्यायची हे घरी जाऊन, मूल प्रत्यक्ष पाहून ठरवायचं होतं. निवृत्त गणित शिक्षिकेला प्रवासखर्च दिला की ती कुठेही जाते, हे संस्थेला अनुभवाने माहीत आहे. त्यामुळे सांगलीहून पहाटेच्या एसटीने मी निघाले. पिशवीत एक छोटा तराजू आणि नऊ गोट्या होत्या.

जागा म्हणजे काय ते सांगते. सातवीच्या दिवाळीनंतर पुण्याच्या वसतिगृहात दाखल व्हायचं आणि बारावीपर्यंत तिथेच राहायचं. शिकणं, राहणं, खाणं सगळं शिष्यवृत्तीत. शनिवारी प्रयोगशाळा, सुट्टीत शास्त्रज्ञांबरोबर शिबिरं. मूल फक्त असामान्य हवं. असामान्य म्हणजे नक्की काय, यावर आमच्या समितीच्या बऱ्याच बैठका झाल्या आहेत. बैठकांना चहा चांगला असतो.

या वेळी परीक्षेत चौघांना सारखे गुण पडले होते. एक मुलगा खारघरचा. उरलेल्या तिघी शिरढोणच्या पुढच्या एका कातकरी वाडीतल्या, आणि त्या तिघींचे पेपर शब्दाला शब्द सारखे होते. चुकलेलं उत्तरही एकच. समितीने याला नक्कल म्हटलं, आणि मला बजावलं की मूळ पेपर कोणाचा ते शोधून काढलं तर जागा त्या मुलीला. नाही सापडलं तर तिघी बाद आणि जागा खारघरला.

पनवेलच्या स्टँडवर उतरलं की आधी दिसतात त्या दुसरीकडे जाणाऱ्या गाड्या. कोकणात, गोव्याला, पुण्याला, घाटावर. पनवेललाच आलेला माणूस फारसा भेटत नाही, सगळे पनवेलवरून चाललेले असतात. मी तिथेच आले आहे म्हटल्यावर उसळपाववाल्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. उसळ झणझणीत होती. सांगलीच्या बाईने तिखटाबद्दल तक्रार करायची नसते, म्हणून मी दोन पाव जास्त खाल्ले.

खारघरला रिक्षावाल्याने मला योग्य नावाच्या पण चुकीच्या इमारतीपाशी सोडलं. एकाच नावाच्या तीन इमारती तिथे होत्या. तिसऱ्या वॉचमनने मला आत घेतलं. वर चौदाव्या मजल्यावर मुलगा, त्याची आई आणि ढोकळा माझी वाट पाहत होते. मुलाचं नाव आर्यन. त्याचा क्लास असतो, असं आई म्हणाली. कसला, म्हणून मी विचारलं.

“गिफ्टेडचा,” त्या म्हणाल्या. “मंगळवार-गुरुवार.”

मी गोट्या मांडल्या. नऊ सारख्या दिसणाऱ्या गोट्या, त्यातली एक किंचित जड, ती तराजू दोनदाच वापरून शोधायची. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत आर्यनने उत्तर दिलं. कसं सुचलं, विचारलं तर म्हणाला, हे आम्हाला झालंय. खोटं बोलला नाही, हे मला आवडलं. दुसरं कोडंही त्यांना झालं होतं. तिसरं सांगताना मीच मध्ये अडले, तेव्हा त्याने ते मला पुरं करून दिलं. मुलगा खरोखर चुणचुणीत होता. ही जागा गेली असती तरी त्याचं फार बिघडणार नव्हतं, कारण आईने आणखी तीन ठिकाणी अर्ज केले होते आणि त्यातलं एक सिंगापूरला होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडीच्या शाळेचे म्हात्रे सर मोटारसायकल घेऊन लॉजवर आले. गोवा रस्त्याने आम्ही निघालो. शिरढोण मागे पडलं तसा डावीकडे-उजवीकडे हिरवा डोंगर जवळ आला आणि कर्नाळ्याचा सुळका कधी पुढे, कधी बाजूला दिसू लागला. रस्ता सरळ आहे असं सर म्हणत होते. परीक्षेच्या वेळी वर्गात तेच होते. तिघी एका बाकावर होत्या, बाक तेवढंच आहे, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं.

“मी बघितलं नाही असं नाही, मॅडम. बघितलं. पण कोणाकडून कोणाकडे गेलं, तेच कळलं नाही.”

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. बिऱ्हाडं वीटभट्टीवर जातात, पावसाआधी परततात. सातवीतल्या मुली बरोबर जातात, लहान भावंडं सांभाळतात, भाकऱ्या करतात, आणि शाळेत त्यांचं नाव तेवढं राहतं. या तिघींच्या आधीच्या वर्षीच्या मुली कुठे आहेत, असं मी विचारलं. दोघींची लग्नं झाली, सर म्हणाले, आणि गाडी खड्ड्यात घातली. कोणती मुलगी पुण्याला जाणार आणि कोणत्या भट्टीवर, हे माझ्या अहवालावर ठरणार होतं. मला ते अजिबात आवडलं नाही.

वाडीत पोचलो तेव्हा बायका ओहोळावरून मुठे (शेतातले खेकडे) धरून आल्या होत्या आणि अंगणात वाटणी चालली होती. सागाच्या पानांवर सारखे ढीग घातले होते, त्यांना वाटे म्हणतात. एक बाई ढिगांकडे पाठ करून उभी राहिली. दुसरी एका टोकापासून ओळीने एकेका ढिगावर बोट ठेवून, हा कोणाचा, असं विचारत गेली, आणि पाठमोरी न बघता एकेक नाव घेत गेली. कोणाला रुसायला जागाच नाही. स्वतःचं नाव तिने अगदी शेवटी घेतलं. तसंच घ्यायचं असतं, सरांनी मला सांगितलं, नाव घेणाऱ्याने शेवटचं उरेल ते उचलायचं.

त्यात माझंही नाव निघालं. मी खात नाही म्हणून सांगितलं. पाठमोरी उभी होती ती बारकीबाई, तिघींपैकी सोनीची आई. तिने माझं म्हणणं ऐकून घेतलं.

“खावा नायतर नको,” ती म्हणाली. “वाटे पडले तेवा तुमी इथं व्हत्या. तुमचा वाटा हाय.”

माझा वाटा मी म्हात्रे सरांना दिला. त्यांनी एकदाही नको म्हटलं नाही. मला तांदळाची भाकरी आणि अंबाडीची भाजी मिळाली, ती मी दोनदा घेतली.

जेवणानंतर तिघींना समोर बसवलं. सोनी बारीक, डोळे खाली. अलका सारखी हसणारी. कविता सगळ्यांच्या वतीने बोलणारी. आधी मी चुकलेल्या उत्तराचं विचारलं. तेवीस आंबे पाच जणांत सारखे वाटले तर किती उरतील, याला तिघींनी शून्य लिहिलं होतं. उरलेल्यांच्या फोडी करतात, उरंल कसा, असं कविता म्हणाली. मी आयुष्यभर बाकी तीन शिकवली आहे. वाद घातला नाही.

मग मुद्द्यावर आले. पेपर कोणी सोडवला? आमी, कविता म्हणाली. आधी कोणाला आलं? येकीला आला. कोणाला?

मग कविताच म्हणाली, “आमी तिगीपन तिथं व्हतो ना, बाई.”

मी भाकरी खाल्ली होती त्याच अंगणात बसले होते, तरी हे समजायला मला वेळ लागला. त्यांनी नक्कल केली नव्हती. एकीच्या हाती घबाड लागलं तेव्हा उरलेल्या दोघी हजर होत्या, एवढंच.

मी एकेकीला वेगळं नेऊन गोट्या दिल्या. अलका म्हणाली, नाय येत. कविता म्हणाली, नाय येत. सोनीने गोट्यांकडे पाहिलं, लांब बसलेल्या दोघींकडे पाहिलं, आणि म्हणाली, नाय येत. मला राग आला. मी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगून टाकलं की जागा एक आहे, तिच्या फोडी होत नाहीत, आणि कोणी बोललं नाही तर ती खारघरला जाईल. सोनीची आई बराच वेळ लेकीकडे बघत होती, पण तिनेही नाव फोडलं नाही. शेवटी ती म्हणाली, “मंग वाटे घाला.”

आमची संस्था अशा रीतीने जागा देत नाही, हे मी सांगितलं. ते कोणी मनावर घेतलं नाही. अलकाने तीन पानं मांडली आणि मधल्या पानावर माझी एक गोटी ठेवली. ती गोटी म्हणजे जागा. मी मनात ठरवलं की हे होऊ द्यावं आणि नंतर रद्द करावं.

“सोनीला फिरवा,” कविता म्हणाली. सोनी पाठ करून उभी राहिली. कविताने पहिल्या पानावर बोट ठेवलं.

“यो कोनाचा?”

“अलकीचा.”

आता पाळी मधल्या पानाची होती. कविताने ते ओलांडलं आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. अलका हसायची थांबली होती.

“यो कोनाचा?”

“कवितीचा,” सोनी म्हणाली, आणि वळली.

मधल्या पानावरची गोटी तिने पाहिली. मग कविताकडे पाहिलं.

“मदला सोडलास कशाला?”

“कुनाचातरी शेवटी राहतोच,” कविता म्हणाली.

सोनीने तिला एक जोराची चापट मारली आणि तिथेच बसून रडायला लागली. मलाही रडू आलं. म्हात्रे सर उगाच मोटारसायकलकडे गेले. सोनीचं रडणं ओसरल्यावर मी तिच्यापुढे पुन्हा गोट्या ठेवल्या. आता वाटा तिचा होता, त्यामुळे लपवायचं काही कारण नव्हतं. तिने नाक पुसलं, तीन-तीनचे तीन ढीग केले, तराजू दोनदा वापरला आणि जड गोटी माझ्या हातात दिली.

निघताना कविताला विचारलं, दिवाळीनंतर तू काय करणार? भट्टीवर, ती म्हणाली. आणि अलका? ती पन. कविताने मला सोनीबद्दल एकच विचारलं, तिथे थंडी असते का. असते म्हटल्यावर तिने सोनीच्या आईला गोधडीचं काहीतरी सांगितलं.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी अहवाल लिहिला. मुलीची असामान्य कुवत कशावरून ठरली, तिथे मी गोट्यांचं कोडं लिहिलं. ते खरंच होतं. पण कोणाचं नाव फोडायचं नाही, वाटणीची रीत सोडायची नाही, बाहेरून आलेल्या बाईची अट पाळायची आणि तरीही वस्तू ज्याची त्याच्याकडे पोचवायची, असं कोडं मी आजवर कोणाला घातलेलं नाही. मला ते सुटलं नसतं. कविताने ते उभ्या उभ्या सोडवलं, आणि ते सुटलं की आपण भट्टीवर जाणार हे माहीत असताना सोडवलं.

समितीत मला विचारलं, पनवेलला किती असामान्य मुलं सापडली. मी एक म्हणून सांगितलं. जागा तेवढीच होती.