वळणावरचा हॉर्न

आधीच सांगतो, भुताखेतांचं काही ऐकलं की मला हसू यायचं. राजूर ते आमची वाडी, आठ वर्षं पॅसेंजर जीप चालवतोय. घाटात पांढऱ्या साडीतली बाई दिसली असं कुणी म्हटलं, की मी विचारायचो, भाडं दिलं का तिनं? आता नाही विचारत. ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं, फक्त शेवटपर्यंत वाचून.

रस्ता एकच, अकरा किलोमीटर, आणि तो वाडीतच संपतो. मी बायकोबरोबर राजूरला राहायचो, आईवडील वर वाडीत. सकाळी आठला राजूर सोडायचं आणि वाडीखालच्या वळणावर एक लांब हॉर्न द्यायचा. तो ऐकला की लोक हातातलं काम टाकून रस्त्यावर उतरतात. कुणी मागं राहिलं तर दुसरा, छोटा. कुठल्या जीपचा हॉर्न ते बायका चुलीपुढं बसून ओळखतात. वेळापत्रक म्हणाल तर आमच्याकडे हेच. माझे वडील, आबा, पहिल्या हॉर्नलाच खाली हजर. आई घाईवरून चिडली की म्हणायचे, "पोराचा खोळंबा नको."

दिवाळीनंतर माझा हॉर्न बंद पडला. संगमनेरला नव्याची किंमत ऐकली आणि तसाच दुकानाबाहेर आलो... चिक्कू आहेच मी, बायको रोज ऐकवते. मोबाईलवर शोधलं तर भंगारातल्या गाडीचा एक मिळाला, निम्म्याहून कमी पैशात. खाली एकच रिव्ह्यू — आवाज लांब जातो. म्हटलं, आपल्याला तेच पाहिजे. मागवला, बसवला, झकास वाजला.

चौथ्या दिवशी वर पोचलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी हॉर्न देत राहिलो, तेव्हा लोक शिव्या घालतच आले. अर्ध्या तासापूर्वी हॉर्न देऊन कुठं गेल्तास म्हणे, आमी उतरलो तर गाडीच न्हाई! अहो, तेव्हा मी राजूरला चहा पीत होतो. दुसरी जीप असेल म्हणावं, तर परत खाली येताना ती मला भेटायला हवी होती. कुणीच भेटलं नव्हतं. मग हे रोजचंच झालं. लोक हुशार, पहिला हॉर्न सोडून द्यायला शिकले. आबांनाही बजावलं, माझा फोन आल्याशिवाय उतरू नका. हॉर्न तेव्हाच काढायला हवा होता. पण नव्याला पैसे घालायचं जिवावर आलं.

बाजाराचा दिवस होता. वर गेलो तर आई दारातच उभी.

"ह्यांना कुठं उतरवलंस?"

मला काही कळेना. हॉर्न वाजला तसे आबा माझ्या फोनची वाट न बघताच उतरले होते. शेजारच्या दगडूकाकांनी बांधावरून बघितलं होतं. माझ्या गाडीसारखीच पांढरी जीप, आबा पुढच्या सीटवर बसले, दार ओढून घेतलं. ड्रायव्हर काही त्यांना नीट दिसला नव्हता. "तूच हुतास ना रं?" एवढंच ते विचारत राहिले. मी त्याच रस्त्यानं वर आलो होतो. समोरून साधी सायकलसुद्धा आली नव्हती.

पोलीस झाले, दऱ्या झाल्या, ओढे झाले. चार महिने होत आले, आबांचा पत्ता नाही. हॉर्न विकणाऱ्याला फोन लावला, तर म्हणाला, भंगारातून पोतंभर येतात, कुठला कुठल्या गाडीचा ते मी काय सांगू? त्याचंही खरंय. ओरडायचं तरी कुणावर?

हॉर्न मी आबा हरवले त्याच दिवशी काढला. तरी सकाळी तो वळणावर वाजतोच. आईला राजूरला न्यावं, तर ती म्हणते, ते आले आन् घराला कुलूप दिसलं तर? म्हणून मीच वर राहायला आलोय. कुणाला काही सुचत असेल तर सांगा... माझं डोकं चालत नाही.

आज सकाळची गोष्ट. जीप अंगणात उभी, काढलेला हॉर्न माझ्या मांडीवर, वायरी लोंबतायत. आणि खाली वळणावर तो वाजला, लांब. आईनं भाकरी फडक्यात बांधूनच ठेवली होती. तिनं चपला घातल्या. मी तिचा हात घट्ट धरला. मला रडू फुटलं होतं, खोटं कशाला सांगू.

थोडा वेळ काहीच नाही. मग दुसरा वाजला. छोटा.

"सोड रं," आई म्हणाली. "ह्यांचा खोळंबा हुतोय."