तापीतलं उन्हाळी बेट

बाळांनो, तुमच्या भूगोलातलं बेट समुद्रात कायम असतं. आमचं तापीत होतं. थंडीत पाणी उतरलं की वर यायचं, पावसाळ्यात बुडायचं. त्या वाळूत आमचा टरबूजवाला वेल लावायचा. उन्हाळ्यात दारात आला की टरबुजावर टिचकी मारून कान लावायचा आणि त्याला स्वतःला पसंत पडलं तरच द्यायचा. जाताना न चुकता बजावायचा, "अक्का, बिया फेकू नका. त्या मन्या शेतस." टरबूज आमचं, बिया त्याच्या. आम्ही त्या धुऊन, वाळवून बरणीत ठेवायचो. पुढच्या लावणीला तो मागून घ्यायचा.

मग नदीवर खाली बंधारा झाला. पाणी बारमाही थांबलं आणि बेट वर येईना. यंदा तो बाजारातली टरबुजं घेऊन आला. टिचकी न मारताच म्हणाला, "अक्का, हाई बेटनं नही शे." बियांचं नावही काढलं नाही.

मी शेवटच्या वर्षीची बरणी त्याच्यापुढे ठेवली. त्याने एक बी दाताने फोडून पाहिली. "जित्ती शे," म्हणाला. निम्म्या बिया रुमालाच्या टोकाला बांधल्या आणि उरलेल्या बियांची बरणी मला परत दिली.

"ह्या तुमनाजोडे राहू द्या. पानी उतरनं तर मांगी लिसू."