वाळ्याचं तुम्ही बघा

आता कुठल्या तोंडाने सांगू? पण चहा पाजताय, तर ऐका.

आमची सोसायटी घाटकोपरला, टेकडीच्या कुशीत. ऐकायला झकास! पण दर पावसाळ्यात मागचा उतार चिखल होऊन तळमजल्यावरच्या सावंतकाकूंच्या स्वयंपाकघरात शिरायचा. बिचाऱ्या काकू भांडी माळ्यावर चढवून जीव मुठीत धरून बसायच्या.

यावर मीटिंग झाली. मी तिथे डुलकी काढली. वाट लागली ती इथेच.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी कांबळ्यांचा फोन. "भाऊ, रविवारी सकाळी बिल्डिंगच्या मागे या. सावंतकाकूंसाठीच करतोय. वाळ्याचं तुम्ही बघा हं!"

वाळा! म्हणजे तान्ह्या बाळाच्या पायातला. दुसरं काय असणार? त्यात काकूंची सून पूजा केव्हाची माहेरी गेलेली. मी बायकोला म्हणालो, "अगं, सावंतांकडे बारसं!" तिने शेजारी सांगितलं. झालं! कुणी झबलं आणलं, कुणी दुपटं शिवलं.

रविवारी मी सिल्कचा झब्बा घालून, चांदीच्या वाळ्यांची डबी घेऊन हजर. बघतो तर सगळ्यांच्या हातात कुदळ-फावडी. आणि पूजा? पॅन्ट दुमडून खड्डे खणतेय!

"भाऊ, वाळा कुठाय?" कांबळ्यांनी विचारलं.

मी डबी उघडली.

"अहो, गवत! वाळ्याचं गवत! त्याची मुळं खोल जातात, माती धरून ठेवतात. मीटिंगमध्ये तेच तर बोललो ना यार!"

"मग पूजा माहेरी...?"

"बी.एड.ची परीक्षा होती, काका!" पूजा लाजून लाल.

"अरे मेल्या, माका न इचारता आजी केलंस!" काकू हसून हसून खालीच बसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तसाच झब्ब्यात नर्सरी गाठली आणि रिक्षा भरून रोपं आणली.

त्या पावसाळ्यात थोडा गाळ आलाच. पुढच्या वर्षी मात्र वाळ्याने उतार असा धरला, की काकूंची भांडी जागची हलली नाहीत. काकूंनी डोळे पुसत चहा दिला.

आणि गेल्या आठवड्यात काकूंचा फोन. "अरे, रविवारी घराकडे ये. वाळ्याचा तूच बघ हां!"

एकदा फसलो, परत फसेन? डबी कपाटातच ठेवली. गवताची चांगली दांडगी जुडी खांद्यावर टाकून पोचलो.

दाराला तोरण. आत पाळणा. पाळण्यात काकूंची नात!

काय आहे, पूजा पुन्हा माहेरी गेली होती ना... मला वाटलं, एम.एड.!