न हसणारा जावई आणि वहिनीचं सॉफ्टवेअर

माझी वहिनी वैजयंती केनवडात ब्लाउज शिवते आणि लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करते. दोन्ही कामं एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर. खुर्ची इकडे फिरवली की शिलाई मशीन, तिकडे फिरवली की कॉम्प्युटर. माझा भाऊ पंजाबराव कॅमेरा घेऊन लग्नालग्नांतून फिरतो, पोटभर जेवतो आणि कॅमेऱ्यातलं कार्ड आणून तिच्या पुढ्यात टाकतो. पुढचं सगळं हिचं. गावात मात्र तयार फिल्मला ‘पंजाबरावची कॅसेट’ म्हणतात, आणि तोही कुणाची चूक दुरुस्त करत नाही. मी त्याची सख्खी बहीण असून हे सांगते आहे.

वहिनीच्या तोंडात साखर कमीच. कुणी अपुरं कापड घेऊन आली तर सरळ सांगते, “यात बाही होईन नाही तं पाठ. काय उघडं ठेवतं ते तू सांग.” पण उरलेला कटपीस कधी फेकत नाही. मशीनखाली तिचं एक मोठं गाठोडं आहे आणि त्यात गेल्या वीस वर्षांतल्या अख्ख्या गावाच्या चोळ्या सापडतील. मी नणंद असल्यामुळे त्या गाठोड्यावरून तिला टोमणे मारणं हे माझं कामच आहे, आणि ते मी नेमानं करते.

तर यंदा तिच्या मुलाचं, गोलूचं लग्न झालं आणि त्याच सुमारास तिचा जुना कॉम्प्युटर बसला. त्याच्याबरोबर त्यातलं जुनं सॉफ्टवेअरही गेलं. गोलू पुण्यात नोकरीला. त्यानं आईला नवा कॉम्प्युटर दिला आणि त्यात एक हुशार सॉफ्टवेअर टाकलं.

“आई, आता तुले कायीच करा लागत नाई,” तो म्हणाला. “सगळी शूटिंग यात टाक. चांगलं चांगलं ते सोताच निवडते.”

वहिनीनं स्वतःच्या मुलाच्या लग्नाची अख्खी शूटिंग त्यात टाकली आणि चहा ठेवला. चहा पिऊन होईस्तोवर फिल्म तयार. तिनं ती न पाहताच आम्हाला वाशीमला पाठवली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं माप न घेता कापलं, आणि ते नेमकं आमच्या अंगावर आलं.

आमचे हे, नरेंद्र, वाशीममध्ये कृषी केंद्र चालवतात. माणूस सोन्यासारखा, पण हसत नाही. आमच्या लग्नाच्या अल्बममध्ये ते कोर्टात साक्षीला आणल्यासारखे उभे आहेत. दुकानात ते खपून जातं. न हसता बियाणं विकणारा माणूस फसवत नसेल, असं शेतकऱ्यांना वाटतं. त्या हुशार सॉफ्टवेअरला मात्र हसरेच चेहरे हवे होते. हललेलं, डोळे मिटलेलं, तोंड पाडलेलं, सगळं त्यानं उडवलं. टीव्हीवर आम्ही फिल्म पाहिली. मामा हसत होते, आचारी हसत होता, मांडवात शिरलेलं एक अनोळखी कुटुंबही हसत होतं. हे कुठेच नव्हते. मंगलाष्टकांत गोलूच्या बाजूला फक्त एक कोपर दिसलं.

“हे कोपर माहं हाये,” हे म्हणाले.

मग फिल्म संपेपर्यंत स्वतःला शोधत राहिले. शेवटी उठताना म्हणाले, “घरच्या लग्नात जवायाले काटलं. तुह्या भावाले सांग, धोंड्याचं जेवण आता त्या हसणाऱ्यायलेच वाढ म्हणा.”

धोंड्याचा महिना तीन वर्षांनी एकदा येतो. तेव्हा जावयाला सासुरवाडीला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात, मान करतात. तो मान जावयाचा. त्यानंच पाय वळवला नाही तर बायको कोणत्या तोंडानं जाणार? आई गेल्यापासून माझं माहेर म्हणजे वहिनीच. हे मी तिला कधी तोंडावर म्हटलेलं नाही, पण ते तसंच आहे. फोनवर मी तिला सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडले. ती म्हणाली, “रडू नका, संगीताबाई. उसवून पुन्हा शिवते.”

त्या दिवसापासून ती सॉफ्टवेअर शोधायला लागली. गोलूला फोन केला, तर तो शहाण्यासारखा म्हणाला, “आई, पहिले तुही गरज सांग. कोनाले रील पायजे, कोनाले सिनेमा पायजे. गरजेवर असते सगळं.”

“माही गरज?” वहिनी म्हणाली. “माही नणंद धोंड्याले आली पायजे. याच्यासाठी कोन्तं चांगलं?”

गोलूनं तीन-चार सॉफ्टवेअरं पाठवून दिली.

पहिलं फुकट होतं. त्यात वहिनीनं यांना मंगलाष्टकांत नीट परत बसवलं आणि तो तुकडा मला पाठवला. मी हौसेनं यांना दाखवला. फुकटातलं असल्यामुळे कंपनीनं आपलं नाव प्रत्येक चित्रावर आडवं छापलं होतं, आणि ते बरोबर यांच्या छातीवरून जात होतं.

“मी का खताची थैली आहो?” यांनी विचारलं.

दुसरं सिनेमावाले वापरतात ते. ते उघडलं की नव्या कॉम्प्युटरचा पंखा मळणीयंत्रासारखा घरघरायचा. पडद्यावर इतकी बटणं, की वहिनीनं त्यांना हात न लावता आधी नमस्कार केला. एक दाबलं तर सगळे वऱ्हाडी हिरवे झाले. दुसरं दाबलं तर नवरीचा रंग परत आला आणि नवरदेव तसाच राहिला. “रिसोडच्या बाजारातून मेथीची जुडी आणाले ट्रक कायले पायजे?” म्हणून तिनं ते बंद केलं.

तिसरं फोनमधलं होतं. त्यात तयार साचे होते, नुसता चेहरा टाकायचा. पंजाबराव म्हणाला, हे मी करतो, आणि तिथेच सगळं बिघडलं. त्यानं सगळ्यांत भारदस्त दिसणारा साचा निवडला. हे संथ पावलांनी पुढे येतात, वरून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, मागे बासरी वाजते आणि हळूहळू यांचा रंग उडून चित्र काळंपांढरं होतं. खाली पंजाबरावनं प्रेमानं लिहिलं होतं, ‘आमचे लाडके जवाईबापू’. तो तुकडा त्यानं दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकला. धनजच्या चुलत सासऱ्यांनी लगेच हात जोडले आणि लिहिलं, ‘मन मानत नाही’. त्यानंतर फोन सुरू झाले. दुकानातले फोन यांनी स्वतःच घेतले. “हो, मीच बोलून राह्यलो. नाई, अजून हाओ,” असं ते प्रत्येकाला न हसता सांगत होते. माझ्या धाकट्या जावेनं तर दुखवट्याच्या घरी देतात तसा भाकरी-पिठल्याचा डबा पाठवला. दुपारी यांनी तो मुकाट्यानं खाल्ला, पण संध्याकाळी धोंड्याचं नाव काढायचं नाही असं मला बजावलं.

वहिनीनं पंजाबरावला काय सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. तो माझा भाऊ आहे.

शेवटी तिनं गोलूला सांगितलं, “मले हुशार नको. मुकं पायजे. म्या म्हणीन तिथं काटन, म्या म्हणीन तिथं जोडन. सोताची अक्कल लावणार नाई असं दे.” तसंही एक निघालं. जुनं, फुकट, दिसायला काळंबेंद्रं. त्यात पाकळ्या नाहीत, बासरी नाही आणि छातीवर नावही नाही. फक्त कापा आणि जोडा. वहिनीला ते पाहताक्षणी आवडलं. पण त्यात निवडणारं कोणी नसल्यामुळे सगळी शूटिंग तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी लागली. हुशार सॉफ्टवेअरनं उडवलेले सगळे तुकडे तिनं एकेक करून उलगडले. कटपीस फेकायची तिला सवयच नव्हती.

पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नवी फिल्म आली, चांगली तीन तासांची. यांनी दुकान लवकर बंद केलं आणि ती सलग पाहिली. हे मंगलाष्टकांत होते, आहेरात होते. पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडताना होते. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांना खुर्च्या नेऊन देताना होते, आणि तेव्हाही तोंड पाडूनच. फिल्म संपल्यावर यांनी चष्मा पुसला.

“वहिनीनं काम चांगलं केलं,” म्हणाले. “धोंड्याले कोन्त्या दिवशी बोलावलं?”

आम्ही गेलो. वहिनीनं यांचे पाय धुतले, कुंकू लावलं, पाटावर बसवलं, तुपाची धार धरली. यांच्या ताटात दुसरा धोंडा पडला तेव्हा ती म्हणाली, “भाऊजी, एक कटपीस राह्यला होता. म्या मागं ठेवला.” आणि तिनं टीव्ही लावला.

चित्र हललेलं होतं, कुणीतरी कॅमेऱ्याला धक्का दिला असावा. वरातीत बँडपुढे मी नाचत होते. मला नाचता येत नाही. पदर कमरेला खोचून मी एकाच जागी उड्या मारत होते, आणि एका उडीत माझी एक चप्पल उडून बँडवाल्याच्या ढोलावर पडली. मागे हे उभे होते. हे हसत होते. साधं हसणं नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, शेजारच्याच्या खांद्याचा आधार घेऊन. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा माणूस माझ्याकडे पाहून असा हसतो हे मला माहीतच नव्हतं. मला लाज वाटली, राग आला आणि फार बरं वाटलं.

खोलीत सगळे यांच्याकडे पाहू लागले. यांचे कान लाल झाले होते.

“वहिनी,” हे ताटाकडे पाहत हळूच म्हणाले, “तेवढं काटून टाका.”

“नाई बाप्पा,” वहिनी तूप वाढत म्हणाली. “मागच्या बारीले काटलं तं तुमी रुसले.”