सुमनचा रजेचा अर्ज

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखणारे माझ्याबद्दल जे बोलतात, ते मला ऐकवत नाही.

२०१५ साली मी तलासरीला प्लास्टिकचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीत होते. हजेरी, रजा, पत्रं टाइप करणं — ऑफिसातलं काम. डहाणूजवळच्या मसोलीहून रोज जायचे. आमचा मॅनेजर पॅकिंगच्या आदिवासी बायकांना नावानं हाक मारत नसे, 'ए जंगली' म्हणायचा. डबा वाकडा निघाला की तो त्या बाईच्या डोक्यावर ठेवून तिला उभं करायचा आणि आम्हा ऑफिसवाल्यांना बघायला बोलवायचा. आम्ही जायचो. मी हसायचेसुद्धा.

सुमन रानशेत गावची, पॅकिंगला होती. माझ्याहून मोठी, तरी मला ताई म्हणायची. लेकीचं पहिलं बाळंतपण होतं, म्हणून तिनं आठ दिवसांची रजा मागितली. त्यावर मॅनेजर सगळ्यांसमोर तिच्या लेकीबद्दल जे बोलला — ते मी लिहिणार नाही. सुमननं हातातलं काम खाली ठेवलं. "साहेब, मला काय बोलायचं ते बोला. माझ्या पोरीचं नाव घेऊ नका."

एवढंच. आवाजही चढवला नाही तिनं.

त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. सुमनला काढलं असतं तर बाकीच्या बायका गेटवर बसल्या असत्या, म्हणून तिनं स्वतःहून नोकरी सोडल्याचं पत्र त्याला हवं होतं. इंग्रजीत. "तुझ्यावर भरोसा आहे तिचा," तो म्हणाला. मला नाही म्हणता आलं नसतं का? आलं असतं. नवऱ्याचा पगार चालू होता, आम्ही काही उपाशी मरत नव्हतो. मी पत्र टाइप केलं, तिच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं — रजेचा अर्ज आहे, इथे सही कर. तिला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही. एकेक अक्षर जपून काढत तिनं सही केली. म्हणाली, "तू हायेस म्हणून, ताई."

सुमनला नात झाली. पेढे घेऊन ती कामावर आली, तर वॉचमननं गेटवरच अडवलं. मी बाहेर गेले आणि सांगितलं, साहेबांनी मागाहून कागद बदलला. तिला ते खरं वाटलं. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात देऊन ती गेली.

आणि यातला सगळ्यात घाण भाग — मॅनेजर माझ्याशी गोड वागू लागला. त्याच्यासाठी येणाऱ्या चहातला एक कप मला यायचा. एसीजवळचं टेबल मिळालं. मला बरं वाटायचं. खरंच सांगते, बरं वाटायचं.

दोन वर्षांनी माझ्यावरही तीच वेळ आली. पत्रातल्या एका चुकीवरून त्यानं सगळ्यांदेखत फाइल माझ्या तोंडावर फेकली. जंगली म्हणाला. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. पण घरी काय सांगणार — तोंडावर फाइल बसली म्हणून? मी म्हटलं, सुमनवरचा अन्याय मनातून जात नव्हता. नवऱ्यानं ते अभिमानानं चार लोकांत सांगितलं. होता होता ते रानशेतला पोचलं.

पावसाळ्यात सुमन घरी आली. शेवळांची, म्हणजे पावसाळी रानभाजीची, जुडी आणि ती खाऊन घसा खाजू नये म्हणून भाजीत घालायची आंबट काकडंही आठवणीनं घेऊन. "माझ्यापायी नोकरी सोडलीस," म्हणाली, आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उठवलं. "अगं, त्यात काय," असं म्हणाले. हेच शब्द. संध्याकाळी शेवळं शिजवली आणि जेवले.

ती आता चिकूच्या वाडीवर मजुरीला जाते. परवा डहाणूच्या बाजारात भेटली. सोबतच्या बायकांना थांबवून, माझा हात धरून त्यांना सांगत होती — हिनं माझ्यासाठी साहेबाच्या तोंडावर राजीनामा टाकला. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी हात सोडवून घेतला नाही.