दिल्लीला आधी कोण गेलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवळात गाऱ्हाणं घालतानाही नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

डिचोलीत सिमेंटचे पाईप करणारे आम्ही तिघे. मी मूळचा पेडण्याचा, दुसरा उल्हास, आणि तिसरा रमाकांत, उल्हासच्या सख्ख्या बहिणीचा नवरा. सरकारी निविदा निघाली की आम्ही आधी देवळात जायचो. नारळ ठेवायचा, यंदा कुणाची पाळी ते ठरवायचं, हात जोडायचे. मग बाकीचे दोघे मुद्दाम चढे दर भरायचे. कागदाचा चिटोरा नाही. कागद नाही म्हणजे करार नाही — एवढे आम्ही शहाणे! देवासमोर बोललेलं सरकारला कसं कळणार?

कळलं. वर्षानुवर्षांचे आमचे दर कुणीतरी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि दिल्लीच्या स्पर्धा आयोगाची नोटीस तिघांच्या दारात आली. पणजीच्या माझ्या वकिलाने मला सांगितलं, लेखी लागतच नाही. प्रतिस्पर्ध्यांनी आपसात नुसतं ठरवून घेतलं तरी कायदा त्याला करारच धरतो. दंड असा बसेल की कारखाना उठेल. मग आवाज उतरवून म्हणाला, जो सर्वांत आधी जाऊन सगळं खरं सांगेल, त्याचा दंड पूर्ण माफ होऊ शकतो. मागून येणाऱ्याला थोडी सूट. पहिला एकच.

त्याच संध्याकाळी उल्हास घरी आला. माफीचं त्याच्याही कानावर होतं, पण अर्धवट. चहाला हात लावला नाही.

“जाऊया तर एकदम जाऊया. एकट्यान कोणी जावचा नाय.”

एकत्र गेल्यावर पहिला नंबर सगळ्यांना मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला नव्हतं. मी म्हटलं, जत्रा होऊन जाऊ दे, मग तिघे मिळून जाऊ. त्याने मान डोलावली — विश्वासाने रे! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या वकिलाने दिल्लीत माझा नंबर लावला.

असल्या अर्जदाराचं नाव गुप्त ठेवतात. मी गावभर सांगितलं, काजूची बागायत गहाण टाकून दंड भरला. रमाकांत उशिरा का होईना जाऊन आला, दंडात थोडी सूट मिळून तरला. उल्हासचा कारखाना बंद पडला. बेळगावकडचे कामगार सामान बांधून गेले आणि तो रिकाम्या शेडमध्ये एकटा बसून राहायचा. कोण फुटला, एवढंच डोक्यात.

एकदा मला म्हणाला, “रमाकांतच असतलो ना रे?”

आता खरं सांगतो. नंबर लावला, ते पाप तरी भीतीपोटी होतं. पण इथे — इथे कसली भीती होती? गप्प बसता आलं असतं. मी म्हटलं, “आपल्याच माणसांचा काय सांगूक येत नाय.”

बस्स, एवढंच. त्या वर्षी भाऊबीजेला बहीण ओवाळायला आली, तर उल्हासने दार उघडलं नाही. पुढेही कधी नाही. ती दरवर्षी येऊन परत जायची, हे मला माहीत होतं. मी काय केलं? काही नाही.

तो गेला तेव्हा घरच्यांना सांगून गेला होता, तिला आत घेऊ नका. ती रस्त्याकडेला उन्हात उभी होती. उल्हासच्या मुलाने माझा हात धरला. म्हणाला, काका, पुढचा खांदा तुम्ही द्या, बाबा तुम्हालाच भाऊ मानायचे.

मी दिला, आणि तिच्या समोरून चालत गेलो.