दौलतदादाचा डावा खांदा

माझा भाऊ दौलत म्हणजे अस्सल हट्टी. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही. लोक त्याला खुळा म्हणायचे. म्हणोत बापडे! मी सगुणा, त्याची सख्खी धाकटी बहीण. मी सगळं डोळ्यांनी बघितलंय.

ठाणे जिल्ह्यात प्लेग यायच्या आधीची ही गोष्ट. आमचं मानपाडा तेव्हा भातशेतीचं गाव. तिकडे कल्याणच्या माळावर रेल्वेचे साहेब गोल्फ खेळायचे. लांब काठीनं चेंडू मारायचा, त्याच्यामागे चालत जायचं आणि शेवटी तो भोकात ढकलायचा. एवढी मोठी माणसं, आणि खेळ बघा! दादा त्यांच्या काठ्यांची पिशवी वाहायचा. वाहता वाहता स्वतः मारायला शिकला, आणि असा शिकला की नाताळात पिशवीवाल्यांची पैज लागे, तीत त्याच्यापुढे कुणी टिकत नसे.

पण त्याचा डावा खांदा निखळायचा. पहिल्यांदा निखळला तो बैलानं दावं हिसकलं तेव्हा. मग काठी मागे नेताना डावा हात छातीवरून आडवा गेला की खांदा जागा सोडायचा. शिमग्याच्या सुमारास भर माळावर पुन्हा निखळला आणि दादा गवतात गडाबडा लोळला. साहेबांच्या डॉक्टरनं तो बसवला आणि बजावलं, "पाऊस पडेपर्यंत हात अंगाशी बांधून ठेव. ओझं बिलकुल नको. आता निखळला तर हात कामातून गेला समज."

दादाचा सगळा जीव त्या काठीत. घरी येऊन बायकोला म्हणाला, "शेवंते, येत्या नाताळात मी काठी फिरवणार म्हणजे फिरवणार. बांध." वहिनीनं जुन्या लुगड्याची पट्टी काढली, हात करकचून बांधला आणि गाठ पाठीवर मारली. ह्याचा भरवसा तिला होता कुठे!

तेवढ्यात चैत्रातली गावदेवीची पालखी आली. पुढच्या दांडीला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा, आजापासूनचा. आमच्याकडे पालखी नुसती नेत नाहीत, नाचवतात. आणि एक वर्ष चुकलं की मान दुसऱ्या घरात जातो. गावातले म्हणू लागले, "साहेबाची काठी फिरवली म्हणून देवी कोपली. पालखी घे, खांदा आपोआप बसेल." आईलाही ते पटलं. खरं सांगते, मलाही पटलं.

पालखी दारात थांबली. काळुराम पाटील म्हणाले, "दौलत, खांदा दे."

"नाय देणार."

"उजवा धड हाय ना?"

"नाचवायला दोन्ही हात लागतात, पाटील. ते तुमाला मी सांगायचं?"

"मग मान गेला तुझा!"

आईनं हंबरडाच फोडला. मला तर असा संताप आला! एका चेंडूपायी बापजाद्यांचा मान? जळो तो गोल्फ! वाटलं, जावं आणि ती गाठच सोडून टाकावी.

दादानं मोकळा हात दांडीला लावला, मग कपाळाला लावला. शेजारच्या सहदेवला त्यानं स्वतःच हाक मारली. "ये रे सहदेवा, तू धर. नीट नाचव. माझ्या बापाची जागा हाय ती." पालखी वळणाआड जाईस्तोवर तो दारातून हलला नाही.

पाऊस लागला तेव्हा पट्टी सुटली. हात वाळून काटकी झाला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं कोपर अंगाशी धरून तो विहिरीचा दोर ओढायला लागला. आधी रिकामी कळशी, मग अर्धी, मग भरलेली. वहिनी डोक्यावर उभी. "कोपर!" म्हणून खेकसायची.

"तुझ्यापेक्षा सासू बरी," दादा कुरकुरायचा, पण कोपर आत घ्यायचा.

येणारेजाणारे हसायचे. "मान घालवला, आता बायकांसारखं पाणी भर!" दादा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा दोर खाली सोडायचा.

नाताळ आला. वहिनी आणि मी माळाच्या कडेला उभ्या राहिलो. दादाची पाळी आली. त्यानं काठी मागे नेली, डावा हात छातीवरून आडवा गेला, आणि वहिनीनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. फाट्‌कन चेंडू उडाला. पिशवीवाले ओरडत चेंडूमागे धावले.

दादानं मात्र चेंडू कुठे पडला ते बघितलंच नाही. उजव्या हातानं डावा खांदा घट्ट धरून तो तिथेच उभा होता, आणि "शेवंते, जाग्यावर हाय गं! जाग्यावर हाय!" म्हणत लहान पोरासारखा रडत होता.